जपानी तरवारीची पुष्पिका

जुनी हस्तलिखित पोथी हातीं आली म्हणजे जाणता मनुष्य पहिलें पान वाचण्याआधीं शेवटचें पान उलटून पाहतो. तेथें पुष्पिका असते. पोथी कोणीं लिहिली, कोठें लिहिली, कोणत्या शकांत लिहिली, हें लेखकानें तेथें नमूद केलेलें असतें. पुष्पिका शाबूत असली तर पोथीचें कुळशील कळतें. ती वाळवीनें खाल्ली तर बाकीचीं सर्व पानें धडधाकट असूनहि पोथी निनांवी होते. जपानी तरवारीसहि अशीच एक पुष्पिका असते, आणि ती मुठीच्या आंत, सहसा कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या जागीं, लपलेली असते. प्रस्तुत लेखांत जपानी तरवारींचे मुख्य प्रकार सांगून ह्या लपलेल्या पुष्पिकेकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असा आमचा हेतु आहे. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मनुष्यानें शस्त्रांविषयीं लिहावें हें कोणास विचित्र वाटेल; परंतु ह्या शस्त्राच्या अंगावर प्रत्यक्ष संस्कृत अक्षर कोरलेलें असूं शकतें, हें पुढें दिसून येईल.

‘सामुराई तरवार’ हा शब्द चित्रपटांमुळें हल्लीं मुलांच्याहि तोंडीं झाला आहे. पण तो कांहीं प्रकारवाचक शब्द नव्हे. जपानांत पात्यांचें पहिलें वर्गीकरण लांबीवरून होतें. तेथील जुनें माप ‘शाकु’ हें होय. एक शाकु म्हणजे सुमारें ३०.३ सेंटिमीटर, अर्थात् जवळजवळ एक फूट. दोन शाकूंहून लांब पातें असेल तर ती ‘ताची’ किंवा ‘काताना’. एक ते दोन शाकु असेल तर ‘वाकिझाशी’. आणि एक शाकूहून आंखूड असेल तर ‘तांतो’, म्हणजे आपल्या कट्यारीच्या वर्गांतील शस्त्र. ही लांबी मुठीसकट मोजीत नाहींत. पात्याच्या टोंकापासून मुठीजवळ पाठीवर जी खांच असते तेथपर्यंत सरळ रेषेंत ती मोजावयाची असते.

ताची आणि काताना ह्या दोन्ही लांब तरवारी. मग त्यांत भेद कोणता? त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. आठव्या शतकापर्यंत जपानी तरवार सरळच होती. चीन व कोरिया ह्या देशांकडून आलेल्या त्या घडणीस ‘चोकुतो’ म्हणतात, आणि नारा येथील शोसोइन भांडारांत त्या काळच्या सरळ तरवारी आजहि जपून ठेविलेल्या आहेत. पुढें हेइआन काळाच्या उत्तरार्धांत घोड्यावरून लढणारा योद्धा पुढें आला आणि पातें वांकलें. धांवत्या घोड्यावरून वार करावयाचा तर वांकडें पातें ओढतां ओढतां कापीत जातें, हें आपल्याकडील स्वारांसहि ठाऊक होतें. ही लांब व वांकडी तरवार म्हणजे ताची. ती कमरपट्ट्यास टांगीत, आणि टांगलेली असतांना तिची धार खालच्या बाजूस असे. पंधराव्या शतकाच्या सुमारास पायदळाच्या लढाया वाढल्या. तेव्हां किंचित् आंखूड तरवार कमरबंदांत खोंवून, धार वर ठेवून, वागविण्याची रीत रूढ झाली. ती काताना. धार वर असल्यामुळें तरवार उपसणें आणि वार करणें हीं दोन्ही कामें एकाच हालचालींत साधतात. म्हणजे ह्या दोन नांवांतील मुख्य भेद लोखंडाचा नसून कमरेस लावण्याच्या रीतीचा आहे.

एदो काळांत, म्हणजे १६०३ पासून १८६८ पर्यंत, काताना व वाकिझाशी ह्यांची जोडी बाळगणें हा सामुराई वर्गाचा मान होता. ह्या जोडीस ‘दाइशो’ म्हणजे ‘थोरली-धाकटी’ असें नांव आहे. एकटी वाकिझाशी व्यापाऱ्यांसहि बाळगतां येई, जोडी मात्र नाहीं. कोणाच्या घरीं जातांना थोरली काढून ठेवीत, धाकटी कमरेसच राही. ह्यांखेरीज तीन शाकूंहून लांब अशी ‘ओदाची’ असते; तीं प्रचंड पातीं देवस्थानांस अर्पण करण्याचीहि चाल होती. लांब दांड्यास वांकडें पातें बसविलेलें ‘नागिनाता’ हें शस्त्र सामुराई घराण्यांतील स्त्रियांस शिकवीत, आणि आजहि जपानांत त्याचा अभ्यास करणाऱ्यांत स्त्रियांचाच भरणा अधिक आहे, हें आमच्या वाचकभगिनींस कौतुकाचें वाटेल.

दुसरें वर्गीकरण काळावरून होतें. स्थूलमानानें १५९६ च्या पूर्वीचीं पातीं तीं ‘कोतो’ म्हणजे जुनीं; तेथून सुमारें १७८० पर्यंतचीं ‘शिंतो’ म्हणजे नवीं; पुढें १८७६ पर्यंतचीं ‘शिंशिंतो’ म्हणजे नव्यांतलीं नवीं; आणि त्यानंतरचीं ‘गेंदाइतो’ म्हणजे आधुनिक. येथें शिंतो म्हणजे त्या नांवाचा धर्म नव्हे. उच्चार सारखा असला तरी शब्द निराळा आहे. १८७६ हें साल सीमेसारखें धरण्याचें कारण असें कीं, त्या सालीं राजाज्ञेनें सामुराईंनीं तरवार लावून हिंडणें बंद झालें आणि शेंकडों लोहारांचा धंदा बसला. तिसरें वर्गीकरण स्थानावरून होतें. यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो ह्या पांच प्रांतांच्या पांच परंपरा मानल्या आहेत. आपल्याकडे गवयांचीं जशीं घराणीं, तशीं तीं लोहारांचीं घराणीं होत. गाण्यांतील जाणकार दोन आलापांत घराणें सांगतो, तसा तेथील जाणकार पात्याचा बाक, पोलादाचा पोत आणि धारेची रेघ पाहून परंपरा सांगतो.

ही धारेची रेघ म्हणजे काय, हें कळण्यासाठीं पातें कसें घडतें तें थोडक्यांत पाहूं. लोखंडाची काळी वाळू आणि कोळसा मातीच्या मोठ्या भट्टींत तीन दिवस तीन रात्री जाळून ‘तामाहागाने’ नांवाचें पोलाद काढतात. ही भट्टी मध्यंतरीं बंद पडली होती. १९७७ सालीं शिमाने प्रांतांत ती पुन्हां पेटविण्यांत आली. त्या पोलादाचा गोळा तापवून ठोकावयाचा, मधोमध दुमडावयाचा आणि पुन्हां ठोकावयाचा, असें दहापंधरा वेळां करतात. दर घडीस थर दुप्पट होतात. दहा घड्यांत १,०२४ आणि पंधरा घड्यांत ३२,७६८. ह्यांत मंत्रतंत्र कांहीं नाहीं. ठोकण्यानें मळ बाहेर पडतो आणि कार्बनाचा अंश सर्वत्र सारखा होतो. बाहेरचें पोलाद कठीण ठेवून पोटांत मऊ पोलाद घालण्याचीहि रीत आहे. शेवटीं पात्यास मातीचा लेप देतात. पाठीवर जाड, धारेवर पातळ. मग तें लाल तापवून पाण्यांत बुडवितात. पातळ लेपाखालची धार झटकन् निवून अत्यंत कठीण होते. पाठ सावकाश निवून चिवट राहते. कठीण झालेला भाग किंचित् फुगतो, म्हणून पातें पाठीकडे आणखी वांकतें. ह्या दोन प्रकारच्या पोलादांच्या सीमेवर जी धुक्यासारखी पांढुरकी रेघ उमटते तिला ‘हामोन’ म्हणतात. ती कोठें सरळ, कोठें लाटेसारखी, कोठें लवंगांची रांग मांडल्यासारखी असते. पात्यास झिलई देणारा कारागीर निराळा असतो, आणि एका पात्यावर दगडांची उतरंड फिरवितांना त्याचे आठवडे जातात.

आतां संस्कृत अक्षराविषयीं. कूकाइ नांवाचा जपानी भिक्षु ८०४ सालीं चीन देशांत गेला. तेथें प्रज्ञ ह्या भारतीय भिक्षूपाशीं तो संस्कृत शिकला आणि ८०६ सालीं बीजाक्षरांची विद्या घेऊन परतला. हीं अक्षरें सिद्धं लिपींत लिहितात. ही लिपि गुप्तकालीन लिपीपासून निघालेली. आपल्या देशांत ती मागें पडली, पण जपानांतील मठांत आजतागायत जिवंत आहे. त्या संप्रदायांत ‘फुदो’ ह्या देवतेस मोठा मान आहे. फुदो म्हणजे आपला ‘अचल’. उजव्या हातांत अज्ञान छेदणारें खड्ग आणि डाव्या हातांत पाश, असें त्याचें ध्यान. त्याचें बीजाक्षर ‘हां’. जपानी लोक त्याचा उच्चार ‘कान’ असा करितात. तें अक्षर, किंवा खड्गास विळखा घातलेला नाग, तरवारीच्या पात्यावर मुठीजवळ कोरण्याची चाल शतकानुशतकें चालत आली आहे. कामाकुरा येथील मासामुने हा जपानांतील सर्वांत विख्यात लोहार. त्याची स्वतःच्या नांवाची जीं थोडीं पातीं शिल्लक आहेत त्यांपैकीं एका तांतोवर फुदोचीच मूर्ति कोरलेली आहे.

मासामुनेचीं नांव घातलेलीं पातीं थोडीं, असें आम्हीं म्हटलें; तें नांव कोठें घालतात? येथें आपण मुद्द्याशीं आलों. पात्याचा जो भाग मुठींत शिरतो त्यास ‘नाकागो’ म्हणतात. त्यावरच लोहार छिन्नीनें आपलें नांव, पुष्कळदां गांव, आणि कधीं कधीं सालहि कोरतो. हीच ती पुष्पिका. कमरेस लावलेली असतांना जें अंग बाहेरच्या बाजूस येईल त्या अंगास नांव घालण्याचा सामान्य प्रघात असल्यामुळें, नांव कोणत्या अंगास आहे एवढ्यावरूनहि तें पातें ताची म्हणून घडलें कीं काताना म्हणून, ह्याचा बहुधा उलगडा होतो. जुन्या लांब ताची पुढें आंखूड केल्या, त्या टोंकाकडून नव्हे तर मुठीकडून कापून. त्यांत पुष्कळ नांवें अर्धीं तुटलीं, कित्येक समूळ गेलीं.

नाकागोस कधीं झिलई देत नाहींत. लोहाराच्या कानशीचे ओरखडे तसेच राहूं देतात, आणि त्यांवर शेंदीडशें वर्षांत जो गंज चढतो त्यास हात लावीत नाहींत. तीनशें वर्षांचा गंज काळसर, घट्ट व गुळगुळीत असतो. कालपरवांचा तांबूस व भुसभुशीत. जाणकार त्यावरून पात्याचें वय ठरवितो आणि नांव खरें कीं मागाहून कोणीं खोटें घातलेलें, हें ओळखतो. पाते खराब झालें तर कुशल कारागीर त्यास पुन्हां झिलई देऊं शकतो. पण नाकागोवरचा गंज एकदां घासून काढला कीं तो परत आणण्यास तीनशें वर्षेंच लागतात. इतर सर्व वस्तूंच्या बाबतींत गंज हा शत्रु; येथें मात्र तो साक्षीदार आहे.

हें सर्व आपण महाराष्ट्रांत बसून जाणण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. कारण असें कीं, ह्या तरवारी आपल्याकडे येऊन पोंचल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण मार्च १९४४ मध्यें मणिपुरांतील सांगशाक येथें जपान्यांशीं लढली. हिंदी सैन्याच्या अनेक पलटणी त्या मोहिमेंत व पुढें ब्रह्मदेशांत होत्या. १९४५ सालीं जपान शरण आल्यावर ब्रह्मदेश, मलाया व सिंगापूर येथें जपानी अधिकाऱ्यांनीं आपल्या तरवारी खालीं ठेविल्या. त्यांतील कांहीं शिपायांच्या व अधिकाऱ्यांच्या सामानांतून हिंदुस्थानांत आल्या. ह्या लष्करी तरवारींस ‘गुंतो’ म्हणतात. १९३५ च्या नमुन्याच्या, कनिष्ठ हुद्देदारांसाठीं केलेल्या, तरवारी यंत्रावर बनत. त्यांची मूठ धातूची ओतीव असे आणि पात्यावर क्रमांक ठोकलेला असे. अधिकाऱ्यांच्या तरवारींचें तसें नाहीं. बाहेरचा साज लष्करी नमुन्याचा, पण आंत कोणी कारखान्यांतलें पातें घाली, कोणी लोहाराकडून घडवून घेई, तर कोणी वाडवडिलांचें जुनें पातें बसवून युद्धावर जाई. तेव्हां साज पाहून आंतल्या पात्याची परीक्षा होत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच एक पातें आहे. घरचे आजोबा ब्रह्मदेशच्या मोहिमेंत होते. त्यांनीं आणलेली ती तरवार. दर खंडेनवमीस घरांतील इतर शस्त्रांबरोबर व अवजारांबरोबर तिचीहि पूजा होई. मुठीची बांबूची खुंटी केव्हांच हरवली होती. त्यामुळें मूठ सहज निघे, आणि देवघरांतील पितळेच्या भांड्यांप्रमाणें सबंध पातें चिंच व राखुंडी लावून घासलें जाई. मागील वर्षीं नवमीच्या आधीं त्यांचा नातू, जो आमचा जुना विद्यार्थी, आम्हांस बोलावण्यास आला. “मास्तर, त्या तरवारीवर कांहीं अक्षरें आहेत, तेवढीं पाहून जा. शनिवारीं ती धार लावणाऱ्याकडे देणार आहें. चाकावर धरली कीं लखलखीत होईल.”

आम्ही गेलों. मूठ काढून पाहतों तों नाकागोचें एक अंग काळेंभोर आणि दुसरें उजळ. उजळ अंगावर नांव होतें. अक्षरें स्पष्ट दिसावींत म्हणून वर्षानुवर्षें तेंच अंग अधिक घासलें गेलें होतें, आणि त्या घासण्यानेंच तीं पुसट होत चाललीं होतीं. मग पात्याकडे वळलों. मुठीपासून चार बोटांवर एक कोरीव खूण होती. घरांतील मंडळी तिला फूल समजत. आम्हीं सिद्धं लिपीचा तक्ता बरोबर नेला होता. तो शेजारीं धरला. तें फूल नव्हतें. तें ‘हां’ होतें. कोण्या जपानी लोहारानें अचलाचें बीज आपल्या पोलादांत पेरलें, कोणी योद्ध्यानें तें कमरेस वागविलें, आणि ब्रह्मदेशच्या चिखलांतून येऊन तें एका मराठी देवघरासमोर इतकीं वर्षें फूल म्हणून पुजलें जात होतें.

नातवाची आई म्हणाल्या, “मास्तर, देवीपुढचें शस्त्र काळें कसें ठेवावें? सासूबाईंनीं मला घासायला शिकवलें, तसें मी घासलें.” त्यांत त्यांचा दोष तो काय? श्रद्धेनें केलेली स्वच्छता ती. आम्हीं म्हटलें, “वहिनी, आपण जुन्या पोथीची पूजा करतों, पण तिला धूत नाहीं. फूल आणि अक्षता म्यानावर वाहा. पात्यास पाणी, हळदकुंकूं, चिंच, बोट, कांहींच लावूं नका.” मुलास मात्र स्पष्ट सांगितलें कीं, चाकावर धरलेलें पातें तापून त्याच्या धारेचा कठीणपणा जाईल, हामोन व कोरीव अक्षर दोन्ही झिजतील, आणि दोन मिनिटांत तें पातें विळ्याच्या पंक्तीस जाऊन बसेल. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग त्यानें धार लावणाऱ्यास निरोप पाठवून येऊं नको म्हणून कळविलें. नाकागोच्या दोन्ही अंगांचीं छायाचित्रें घेऊन तीं जाणकारांकडे पाठवावयाचें ठरलें. त्या नवमीस तरवारीवर पाण्याचा थेंब पडला नाहीं.

हा मुलगा जपानी शस्त्रविद्या शिकूं इच्छितो, आणि त्याच्यासारखे तरुण आतां पुष्कळ आहेत. म्हणून अभ्यासाच्या साधनांविषयीं दोन शब्द. ‘केंदो’ शिकणारा बांबूच्या चार पट्ट्यांच्या ‘शिनाइ’नें खेळतो, ठराविक डाव लांकडी ‘बोकुतो’नें करितात. ‘इआइदो’ म्हणजे तरवार उपसण्याची विद्या. तिच्यासाठीं ‘इआइतो’ असते, दिसण्यांत कातानासारखी, पण मिश्रधातूची व बिनधारेची. खरी धारेची तरवार, तिला ‘शिंकेन’ म्हणतात, ती वर्षांनुवर्षांच्या अभ्यासानंतर गुरूच्या देखरेखीखालींच हातीं घ्यावी. भिजविलेल्या चटयांच्या गुंडाळ्या कापण्याचा अभ्यास तिनें करितात. शोभेसाठीं बाजारांत ज्या स्वस्त ‘सामुराई तरवारी’ मिळतात, त्यांपैकीं पुष्कळांचें पातें न गंजणाऱ्या पोलादाचें असून मुठींत केवळ बारीक सळई जोडलेली असते. जोरानें फिरविल्यास पातें निसटून शेजारच्याच्या अंगावर जाण्याची भीति असते. त्यांवरील हामोनहि बहुधा आम्लानें उठविलेला देखावाच असतो. जुनें पातें मात्र अभ्यासासाठीं कधींच वापरूं नये. पोथीच्या पानांवर कोणी कित्ता गिरवीत नाहीं.

ज्यांच्या घरीं असें पातें आहे त्यांनीं १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें आपल्यास काय केलें पाहिजे ह्याची रीतसर चौकशी करून ठेवावी. पात्यास उघड्या बोटांचा स्पर्श होऊं देऊं नये; बोटांच्या घामानेंहि डाग पडतो. मऊ स्वच्छ फडक्यानें जुनें तेल टिपून नव्या तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा. आपल्या पावसाळ्यांत हें अधिक वेळां करावें लागतें. जपानी लोक ह्यासाठीं पूर्वीं लवंगेचें तेल वापरीत.

खुद्द जपानांतहि ह्या पात्यांवर मोठा प्रसंग आला होता. १९४५ नंतर तेथें आलेल्या परकीय सैन्यानें लोकांकडील तरवारी जमा करविल्या. असंख्य पातीं नष्ट झालीं, कित्येक परदेशीं गेलीं. १९३९ सालीं राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेली ‘होंजो मासामुने’ही तरवार त्या गोंधळांत नाहींशी झाली, तिचा पत्ता अद्याप लागलेला नाहीं. तेव्हां कांहीं विद्वानांनीं, हीं केवळ शस्त्रें नसून कलाकृति आहेत असें सैन्याधिकाऱ्यांस पटवून दिलें, आणि १९४८ सालीं ह्या पात्यांच्या जतनासाठीं संस्था स्थापन झाली. आज तेथें जुन्या पात्याची नोंद प्रांताच्या शिक्षणमंडळाकडे होते. नव्या लोहारास परवाना मिळण्यापूर्वीं निदान पांच वर्षें गुरूपाशीं उमेदवारी करावी लागते, आणि परवाना मिळाल्यावरहि महिन्यास दोनच लांब पातीं घडवितां येतात. शस्त्राची नोंद शिक्षणखात्याच्या वहींत व्हावी, ह्यांत आमच्यासारख्या शिक्षकास मोठें समाधान वाटतें. कापण्याचें काम संपल्यावरहि ज्या वस्तूंत वाचण्यासारखें कांहीं उरतें, ती जपण्याचा भार शेवटीं वाचणाऱ्यांवरच येतो. आमची वाचकांस एवढीच विनंति कीं, माळ्यावर किंवा ट्रंकेंत अशी एखादी तरवार सांपडली, तर ती उजळण्याची घाई करूं नये; आधीं तिची पुष्पिका वाचून घ्यावी.